प्राध्यापकांचा संप झाला तर तासिकेवरच्यांनी काय करायचं?

कोरडवाहू

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे घेऊन, अर्थशास्त्र शिकवतो. सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झालेली आहे, पीएच.डी. झालेली आहे. आमच्या स्टाफरूममध्ये पुन्हा संपाची बोलणी सुरू झाली आहेत. निवेदन माझ्यापुढेही सहीला आलं. त्यात जुनी पेन्शन आहे, स्थाननिश्चितीचे (वरच्या वेतनश्रेणीत जाण्याचे) रखडलेले प्रस्ताव आहेत, थकबाकी आहे, रिक्त पदं आहेत. सगळ्यात खाली एक ओळ: 'तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे प्रश्न सोडवावेत.' कोणते प्रश्न, ते लिहिलेलं नाही.

मागण्यांना माझा विरोध नाही, सगळ्या रास्त आहेत. पण संपात उतरलो तर माझं काय होईल ते सांगतो. पूर्णवेळ सरांचा पगार कापला जाईल, पुढेमागे भांडून मिळेलही. नोकरी जाणार नाही. मी तासिका घेतली नाही तर ती रजिस्टरला लागत नाही, म्हणजे ती रक्कम कायमची गेली. आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. माझी नेमणूक दरवर्षी नव्याने होते, मार्च-एप्रिलला संपते. बोलावलं नाही तर मला काढलं असंसुद्धा म्हणता येत नाही, कारण मी होतोच कुठे?

संपात उतरलो नाही तर मात्र सगळ्यांचे तास माझ्या अंगावर येतील आणि मी 'संपफोड्या' ठरेन. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं, करायचं काय?

निवृत्त_खडू

कोरडवाहू सर, तुम्ही सही करण्याआधी त्या शेवटच्या ओळीबद्दल विचारलंत हे चांगलं केलंत. मी २०१३ च्या परीक्षा बहिष्कारात होतो. ४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि १० मे पर्यंत चालला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट, म्हणजे या पात्रता परीक्षा न झालेल्या अध्यापकांचा प्रश्न, या दोन मागण्या मुख्य होत्या. आम्ही तास बुडवले नव्हते, परीक्षेचं काम नाकारलं होतं. तरी सरकारने ७१ दिवसांचा पगार अडवला. न्यायालयात जावं लागलं. २०१८ ला पुन्हा संप झाला तेव्हा ते ७१ दिवस मागण्यांच्या यादीत होतेच, यावरून ओळखा किती लांबलं.

पण आमच्या पोटाला चिमटा बसला तरी चूल पेटत होती. पतसंस्थेतून कर्ज मिळालं, घरचं मिळवतं माणूस होतं. तासिकेवरच्या मुलांना कोणती पतसंस्था उभं करते? तेव्हाही आमच्या विभागात दोन मुलं तासिकेवर होती. त्यांच्याबद्दल एकाही सभेत ठराव झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

बांधावरचा

मी शेतकरी आहे, मुलगी बीएस्सीला आहे. पूर्णवेळ प्राध्यापकांना लाख-दीड लाख पगार, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी. तरी संप? आमच्या सोयाबीनला भाव मिळाला नाही तर आम्ही कुणाचा पेपर तपासायचा थांबवायचा? मुलीच्या वर्गात वर्षभर एक विषय शिकवायलाच कुणी नाही, त्याचं बोला आधी.

सहावी_तासिका

@बांधावरचा काका, तुमचा राग समजतो. पण मुलीच्या वर्गात शिक्षक नाही याचं कारणच या संपांच्या मागण्यांत आहे. २०१७ मध्ये शासनाने प्राध्यापक भरती थांबवली. २५ सप्टेंबर २०१८ पासून बेमुदत संप झाला, त्यात रिक्त पदं भरा ही मोठी मागणी होती. ऑक्टोबरात संप मागे घेतल्यावर नोव्हेंबरमध्ये ३५८० पदं भरायला परवानगी मिळाली. त्यातली १४९२ भरून होईपर्यंत कोरोना आला आणि मे २०२० मध्ये पुन्हा बंदी. उरलेल्या २०८८ पदांना २०२१ मध्ये परत मान्यता घ्यावी लागली. मधल्या काळात माणसं निवृत्त होत राहिली ती वेगळीच. म्हणजे एका संपाचं फळ मुलांच्या वर्गात पोचायला पाच-सहा वर्षं लागतात, आणि तोवर ते काम कोरडवाहूसारखी माणसं निभावतात.

पगाराचंही सांगते. सातव्या आयोगात सहायक प्राध्यापकाची सुरुवात मूळ वेतन ५७,७०० रुपयांवर होते. तुम्ही म्हणता तो आकडा भत्ते धरून आणि सेवा वाढत जाईल तसा होतो. तो मला जास्त वाटत नाही. पण त्याच्याच शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणारा माणूस तासावर मोजला जातो, हे मला सहन होत नाही.

बांधावरचा

बाई, हे आम्हाला कुणी सांगत नाही. वर्तमानपत्रात फक्त 'प्राध्यापक संपावर, निकाल रखडणार' एवढंच येतं. मुलीला विचारलं, तर म्हणाली तो विषय आता एक सर घेतात, ते दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजलाही जातात. ते तासिकेवरचेच असणार.

टीवाय_२०१३

मी त्या वर्षी टीवाय बीकॉमला होतो. पेपरला पर्यवेक्षणाला ओळखीचे सर नव्हते, कार्यालयातले कर्मचारी आणि बाहेरून आणलेली माणसं होती. एका पेपरात प्रश्नाचा आकडा चुकला होता तर वर्गात सांगायला विषयाचं कुणी नाही. निकाल उशिरा लागला. माझ्या मित्राची एमबीएची जागा गुणपत्रिका वेळेत न मिळाल्याने गेली. तेव्हा प्राध्यापकांवर फार चिडलो होतो. आजही वाटतं की परीक्षेला हात घालणं बरोबर नाही. तास बंद करा, मोर्चा काढा, मंत्रालयासमोर बसा. पण शेवटच्या वर्षाचा निकाल अडवलात तर भोगतो तो विद्यार्थी, मंत्री नाही.

निवृत्त_खडू

@टीवाय_२०१३ तुमच्या मित्राचं नुकसान झालं हे खरंच आहे, ते मी नाकारणार नाही. परीक्षाच का, तेवढं सांगतो. तास बंद केले तर सरकारला फरक पडत नाही. गावातल्या कॉलेजात आठ दिवस तास झाले नाहीत तर बातमीसुद्धा होत नाही. परीक्षा थांबली की बातमी होते. प्राध्यापकाच्या हातात दुसरं काही नाही. १९८७ ला देशभर संप झाला तेव्हा मी नुकताच लागलो होतो, तेव्हाही वेतनश्रेणीवर सरकार हललं ते काम पूर्ण थांबलं म्हणून.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये विद्यापीठात शिकवते. इथलं सांगितलं तर थोडी मदत होईल. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पेन्शनसाठी १४ दिवसांचा संप झाला, भर बर्फात फाटकावर उभे होतो. विद्यार्थी गरम कॉफी आणून द्यायचे, कितीतरी जण आमच्यासोबत उभे राहायचे. ते का आले? कारण आम्ही संपाआधी प्रत्येक वर्गात जाऊन काय मागतोय ते समजावून सांगितलं होतं.

२०२३ ला उलटा अनुभव आला. २० एप्रिल ते ६ सप्टेंबर उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार होता. बऱ्याच विद्यापीठांनी निम्मा, काहींनी अख्खा पगार कापला. एडिनबरासारख्या ठिकाणी काही मुलांना अंतिम श्रेणीशिवाय पदवीदान समारंभाला जावं लागलं. मुलं तुटली, पालक तुटले, आणि बहिष्कार हाती फारसं न लागता संपला. टीवाय_२०१३ म्हणतात ते मला पटतं.

कोरडवाहू, एक गोष्ट मात्र इथून घेण्यासारखी आहे. आमच्या संघटनेचा संप निधी असतो. वर्गणीतून आणि देणग्यांतून पैसा साठतो आणि तासावर किंवा कमी पगारावर काम करणाऱ्यांना त्यातून आधी दिलं जातं. नियमच तसा आहे. त्यामुळे तासावरचा माणूस संपात उतरू शकतो.

पाटी_पेन्सिल

प्राध्यापक लोक जमले की प्रत्येक प्रतिसाद ४८ मिनिटांचा होतो. चालू द्या, हजेरी लावली आहे :)

यमुनापार

दिल्लीतला अनुभव. दिल्ली विद्यापीठात अ‍ॅड-हॉक (तात्पुरते) शिक्षक चार-चार महिन्यांच्या नेमणुकीवर वर्षानुवर्षं काम करत होते, पण पगार पूर्ण वेतनश्रेणीचा. २८ ऑगस्ट २०१९ च्या पत्राने कॉलेजांना अ‍ॅड-हॉकऐवजी अतिथी शिक्षक नेमायला सांगितलं. म्हणजे थेट तासावर. ४ डिसेंबरला हजारो शिक्षक कुलगुरूंच्या कार्यालयावर गेले. मी आत होतो. कडाक्याची थंडी, गालिच्यावर माणसं झोपलेली, भिंतींवर घोषणा. पुढे होते ते अ‍ॅड-हॉक. पण त्यांना धीर होता तो कायम शिक्षक सोबत असल्याचा. परीक्षेचं काम सगळ्यांनीच थांबवलं होतं. मंत्रालयाला बैठक घ्यावी लागली आणि पत्रात बदल करावा लागला.

तुमच्याकडे नेमकं उलटं होतंय. मागण्या कायम लोकांच्या, आणि रिकाम्या वर्गात ढकलायला तासिकेवरचे.

वऱ्हाडी_ठेचा

यमुनापार भाऊ बरोबर बोलले. आमच्या इकडं तर तासिकेवरच्या पोराले मुलाखतीतच विचारते, 'संघटनेत आहे का तू?' कोणत्या कॉलेजात ते सांगत नाही, पण असं विचारते हे पक्कं. अन् परमनंट पोस्टची भरती निघाली की द्यायच्या पैशाचा आकडा ऐकून माणूस गप बसते. जमीन विकल्याशिवाय तो आकडा जुळत नाही. त्याच्यावर कोणती संघटना संप करते? भरती संस्थेकडून नाही, सरकारी आयोगाकडून करा, ही मागणी पयल्या नंबरवर पायजे.

सहावी_तासिका

@वऱ्हाडी_ठेचा या मुद्द्यावर माझा पूर्ण पाठिंबा. पदं भरा एवढंच म्हणून भागत नाही, कशी भरणार ते महत्त्वाचं. कोरडवाहूंनी आठ-दहा वर्षं वर्ग सांभाळायचा आणि पद निघाल्यावर पैसेवाल्याने यायचं, तर त्यांनी तुमच्या संपात का यावं?

कार्यालयीन_वेळ

मी महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे, तासिकेची बिलं माझ्याच हातून जातात. बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून लिहितो. प्रत्येक तासिकेची नोंद रजिस्टरला: तारीख, वर्ग, घटक, मुलांची संख्या, सही. विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही. महिन्याअखेरी बिल तयार करायचं. सोबत नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता, कार्यभाराचा तक्ता. हे सगळं उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात. मान्यता यायलाच दिवाळी उजाडते, तोवर जुलै-ऑगस्टची बिलं पडून. एकदा एका मॅडमच्या बिलात सुट्टीच्या दिवसाची तासिका लागली म्हणून त्रुटी निघाली, आणि त्या एका तासिकेपायी आमच्या कॉलेजच्या सगळ्यांची बिलं परत आली. त्या मॅडमनी जादा तास खरंच घेतला होता, मुलांनी मागितला म्हणून. दुरुस्ती करून पाठवेपर्यंत अनुदान संपलं. पैसे पुढच्या आर्थिक वर्षात. त्या माणसांनी वर्षभर घर कशावर चालवलं असेल?

'मानधन दरमहा द्या' ही मागणी संपाची पहिली मागणी होऊ शकते. शासनाला तिच्यासाठी एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही. नुसती वेळ पाळायची आहे.

कोरडवाहू

@कार्यालयीन_वेळ सर, हे तुम्ही लिहिलंत याचं फार बरं वाटलं. किराणा दुकानदाराला मी दरवर्षी 'बिल मान्यतेत आहे' सांगतो. त्याला आता मान्यता म्हणजे काय ते माझ्याइतकं कळतं.

आकड्यांचं विचारणाऱ्यांसाठी: युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं ठरवलं. राज्याचे दर २०१८ ला आणि नंतर २०२२ ला वाढले, पण त्याच्या खालीच राहिले. वर आम्हाला आठवड्याला तासिका नऊ. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा कार्यभार १६. दोन माणसांत एक पद फोडायचं आणि दोघांनाही पोटापुरतं द्यायचं नाही, अशी ही रचना आहे. परीक्षा, नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) कागदपत्रं, स्नेहसंमेलन, प्रवेशाच्या काळात गावोगाव फिरणं, यातलं काहीच तासिकेत बसत नाही, पण करावं लागतं.

इंजिन_ऑइल

विनाअनुदानित अभियांत्रिकीवाल्यांकडे बघा जरा. आमच्याकडे एका संस्थेत सहा-सहा महिने पगार नव्हता. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने ठेवून घेतलेली, त्यामुळे सोडूनही जाता येईना. आम्ही काळ्या फिती लावल्या तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला स्वतंत्र नोटीस. शेवटी विद्यार्थीच प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसले तेव्हा दोन महिन्यांचा पगार निघाला. अनुदानित लोकांच्या मोठ्या संघटना आहेत, आमच्यासाठी कुणीच नाही.

मांडवीतीर

गोंयातून. आमच्याकडे यांना 'लेक्चर बेसिस' म्हणतात, कथा तीच. कायद्याची एक बाजू सांगतो, कारण तो खटला आमच्याकडचाच. गोव्यातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला काढून टाकलं होतं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८८ मध्ये निकाल आला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नाही. म्हणजे गिरणी कामगाराला संपाच्या वेळी जे संरक्षण मिळत आलं, ते शिक्षकाला त्या कायद्याने मिळालं नाही. ग्रॅच्युइटीतही तसंच झालं होतं, पण तिथे २००९ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. शिक्षकांनी चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून. महाराष्ट्रात सेवेच्या वादांसाठी विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. कोरडवाहू, तुमचे नेमणुकीचे आदेश आणि रजिस्टरच्या प्रती सगळ्या वर्षांच्या जपून ठेवा. उद्या कुठेही गेलात तरी हा पुरावा लागणार.

प्रभारी

मी प्राचार्य आहे, तोही प्रभारी, कारण प्राचार्याचं पदसुद्धा रिकामं. माझ्या बाजूने लिहितो. संपाच्या काळात वरून रोज फोन येतो, 'किती जण कामावर, किती गैरहजर, नावं पाठवा.' तासिकेवरच्यांची नावं पाठवायची नाहीत असं मी मागच्या वेळी ठरवलं, कारण ते त्या दिवशी नेमलेलेच नव्हते असं मला म्हणता येत होतं. पण त्यांच्या तासिका लागल्या नाहीत, ते नुकसान मला टाळता आलं नाही. नंतर जादा तास घेऊन काही भरून काढलं. माझी पूर्णवेळ सहकाऱ्यांना विनंती आहे की संपाआधी एवढं तरी ठरवा: तुमचा वर्ग तासिकेवरच्याला घ्यायला लावायचा नाही, आणि संपानंतरचे जादा तास आधी त्याला द्यायचे.

टीवाय_२०१३

प्रभारी सर, तुमचं हे वाचून आमच्या कॉलेजचे एक सर आठवले. बहिष्काराच्या काळात तेच एकटे रोज यायचे आणि शंका सोडवायचे. तासिकेवर होते हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. आता ते शिकवत नाहीत, विमा एजंट आहेत. फार चांगलं शिकवायचे.

निवृत्त_खडू

मूळ प्रश्नाकडे येतो, धागा लांबला आहे.

कोरडवाहू, सही करा, पण आजच्या निवेदनावर नाही. तालुक्यातल्या चार-पाच कॉलेजांतले तासिकेवरचे एकत्र या. शेवटच्या ओळीच्या जागी तुमच्या मागण्या स्पष्ट लिहून घ्या: मानधन दरमहा, युजीसीच्या दराने, नेमणूक पूर्ण शैक्षणिक वर्षाची, पद निघेल तेव्हा तुमचा अनुभव मुलाखतीत गुणांनी धरायचा, भरती पैशांशिवाय, आयोगामार्फत. त्या वरच्या क्रमांकावर येत असतील तरच संपात. लीड्सकर म्हणाल्या तसा निधी जिल्हा पातळीवर आधी जमवायचा, नंतर संप. मी निवृत्त आहे, पेन्शन जुनी आहे. पहिली वर्गणी माझी धरा. माझ्या ओळखीचे निवृत्त लोक आहेत, त्यांच्याकडूनही आणतो. आमचे ७१ दिवस आम्ही लढून मिळवले, तुमचा एकही दिवस बुडू नये.

वऱ्हाडी_ठेचा

खडू सर, हे काम झालं तर अमरावती विभागात मी फिरतो. माझ्याकडं गाडी आहे.

बांधावरचा

पालकांची सही चालत असेल तर मीही करतो. आमच्या गावातली वीसेक पोरं त्या कॉलेजात आहेत, त्यांच्या घरी जाऊन सांगतो. पण एक अट. शेवटच्या वर्षाचा निकाल अडवू नका.

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. आज तिघांशी बोललो, त्यातल्या दोघी तयार आहेत. तिसऱ्याच्या घरी लहान बाळ आहे, तो म्हणाला निधीचं नक्की झालं की सांगतो. त्याचं बरोबर आहे.

काकांची अट मला मान्य आहे आणि मी ती सभेत मांडणार आहे. निकाल अडवायचा नाही, पण नवीन प्रवेशाचं आणि नॅकचं काम, ज्याचे पैसेच मिळत नाहीत, ते आम्ही सगळे तासिकेवरचे एकाच दिवशी थांबवू शकतो. तिथे आमचं कुणी काही कापू शकत नाही.

कार्यालयीन_वेळ

उत्तम. फक्त ते काम थांबवताना प्राचार्यांना लेखी पत्र द्या, सगळ्यांच्या सह्यांचं एकच. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. नंतर कुणी म्हणू नये की काही मिळालंच नाही.